साडेआठ नंबरचा तुकडा

प्रिय ताई,

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू आधी माझ्या खोकल्याची चौकशी करतेस, मग तुझ्या भावजयीच्या गुडघ्यांची, मग भाचीच्या अभ्यासाची, आणि तेवढ्यात भाऊजी मागून चहा गार होतोय म्हणून हाक मारतात. म्हणून लिहितोय. शाळा सुटल्यापासून एवढं मोठं काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. बातमी आधीच सांगतो, म्हणजे उभ्याने वाचत असलीस तर बसशील. तुझा दगड खणातून बाहेर आला आहे. सगळ्यात खालच्या खणातून, जिथे तो बावीस वर्षं पडून होता. सध्या तो माझ्या टेबलावर वाळूच्या पिशवीवर ठेवलाय. त्याच्यासोबतची ती चिठ्ठी, ‘जोडलेला नमुना, अभ्यासास अयोग्य’, तशीच राहणार की जाणार, हे या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला ठरायचं आहे. कसं ते सांगतो. पण माझी सवय तुला माहीत आहे. दगडाला काय आणि गोष्टीला काय, मी कडेकडेनेच हात घालतो.

माझी खोली तू एकदाच पाहिलीस. अजून तशीच आहे. संग्रहालयाच्या मागच्या अंगाला, जिन्याखाली, एकच खिडकी आणि तीही समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसलेली. लोक पुढच्या दालनात काचेपलीकडचे नमुने पाहतात, मी इथे त्यांच्या अंगावरचा चिखल काढतो. हवेवर चालणारी सुई आता नवी आली आहे, जुनीसारखी हाताला झिणझिण्या आणत नाही. भिंग मात्र मी वाढीव नंबरचं मागून घेतलं, डावा डोळा आळशी झालाय. काम सुरू करण्याआधी दगडाला हात जोडतो, तेही तसंच आहे. पूर्वी कुणी बघत नाहीसं पाहून जोडायचो, आता बघितलं तरी जोडतो. मोठे साहेब निवृत्त होऊन गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. दोन वर्षांपासून त्यांच्या जागी एक डॉक्टरबाई आहेत. चहा उभ्यानेच पितात आणि खालच्या माणसालाही विचारतात, ‘तुम्हाला काय वाटतं?’ पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं, कुणाला विचारतायत म्हणून. तुझ्यानंतर हा प्रश्न मला कुणी केलाच नव्हता.

परवा तुझ्या भाचीने विचारलं, बाबा, तुम्ही आणि आत्या लहानपणी नेमकं काय गोळा करायचात? मी तिला सांगितलं, समुद्रातला एक प्राणी होता, माकूळ-ऑक्टोपसच्या नात्यातला, अमोनाइट नावाचा. अंगाभोवती शंख बांधून राहायचा. वाढला की पुढे एक नवी खोली बांधायची, तिच्यात राहायला जायचं आणि मागची बंद करून टाकायची. असा खोलीमागे खोली करत तो गोल गोल वेटाळत जायचा. पण त्यांच्यातच काही असे निघाले, की त्यांनी वेटोळं सोडून दिलं. कुणी काठीसारखा सरळ गेला, कुणी सेफ्टी पिनेसारखा दुमडला, कुणी गळासारखा वाकला. तुझी आत्या फक्त हे असले गोळा करायची. भाचीने विचारलं, का? मी म्हटलं, तिलाच विचार. पण खरं म्हणजे मला माहीत आहे. कौलांच्या कारखान्याच्या खाणीत बाबा माती खोदायचे. कुदळीखाली शंख आला की त्यांचा एकच नियम असे, गोल असेल तर घरी, वाकडा असेल तर ढिगाऱ्यावर. गोल शंख आपल्या खिडकीत रांगेत मांडलेले असायचे. मीही बाबांचाच चेला. शाळेतून यायला तास लावायचो आणि खिसे भरून गोलच आणायचो, म्हणून तू मला गोगल्या म्हणायचीस. आणि तू त्या ढिगाऱ्यावर बसलेली असायचीस, बाबांनी फेकलेलं उलटंपालटं करत. बाबा चिडवायचे, ‘आमच्या घरात एक कचरा करतो आणि एक तो परत आणते.’ एकदा मी म्हटलं, ताई, हे सगळे मोडके आहेत गं. तू एक गळासारखा तुकडा माझ्या बोटावरून फिरवलास आणि म्हणालीस, ‘मोडलेलं वेगळं आणि वाकडं वेगळं. मोडलेल्याला कड लागते बोटाला. हा बघ, कड नाही. हा असाच आहे.’ तू तेव्हा बारा वर्षांची होतीस. मी पुढे ज्या मोठ्या माणसांच्या हाताखाली काम केलं, त्यांच्यातल्या निम्म्यांना हा फरक चाळिशीत कळला, आणि मोठ्या साहेबांना तर तो मान्यच नव्हता. ते म्हणायचे, मरायला टेकलेली जात, म्हणून आकार बिघडला. डॉक्टरबाई म्हणतात, बिघडलेला आकार कोट्यवधी वर्षं टिकत नाही. हे त्या म्हणाल्या तेव्हा मला बाबांचा ढिगारा आठवला, आणि त्यावर फतकल मारून बसलेली तू.

तुला शिवणाच्या कामाला बसवलं आणि मला पुढे शिकवलं. याबद्दल तू कधी चकार शब्द काढला नाहीस. पण मी आज बढाई मारून सांगतो, आपल्या दोघांत खरी अभ्यासक तू होतीस. माझ्याकडे भिंग आणि सुई होती, तुझ्याकडे टेप आणि डोळा. शंखावरच्या बरगड्यांना तू चुण्या म्हणायचीस आणि झालरीच्या चुण्या मोजाव्यात तशा इंचाला किती ते मोजायचीस. तुझी मापांची वही माझ्या डोळ्यांसमोर आहे. डाव्या पानावर गिऱ्हाइकाची छाती, कंबर, खांदा, आणि उजव्या पानावर हजारो पिढ्यांनी पाहिला नसेल अशा एखाद्या प्राण्याची जाडी, लांबी आणि चुण्या. चुण्या कुठल्या बाजूला कलतात, त्यावरून तू ओळखायचीस की प्राणी कोणत्या दिशेने वाढला. कापडाचा धागा बघून सुलटउलट ओळखावं तसं. हे मला कुणी शिकवलं नाही, पुस्तकातही मी ते नंतर वाचलं. मी कामावर लागलो तेव्हा पहिल्या महिन्यात साहेबांनी माझी पाठ थोपटली होती, कारण मी एका तुकड्याची दिशा अचूक सांगितली. पाठ माझी होती, विद्या तुझी.

ते अकरा रविवार आठवतात का? खाणीच्या भिंतीतला पिवळा पट्टा घसरला होता आणि तुला खाली उतारावर एक सरळ तुकडा मिळाला. दुसऱ्या रविवारी आणखी एक, चार हात खाली. तू म्हणालीस, हे एकाच अंगाचे आहेत, पाण्याने खाली नेलेत. मग सहा दिवस मशीन आणि सातव्या दिवशी उतार, असं अडीच महिने चाललं. भाऊजी म्हणायचे, इतकं तर मला लग्नात कुणी शोधलं नव्हतं. अकराव्या रविवारी तुझ्याकडे अकरा तुकडे झाले. तू प्रत्येकाला उरलेल्या कापडाची छोटी पिशवी शिवलीस आणि त्यावर लाल दोऱ्याने आकडा काढलास. एक ते तीन मिळून टिकलीएवढं वेटोळं, चार ते आठ मिळून लांब सरळ दांडी, नऊ ते अकरा मिळून टोकाचा गळ. चुण्या इंचाला आधी नऊ, मग सहा, मग चार. मला अजून तोंडपाठ आहेत. दांडीचा प्राणी वेगळा आणि गळाचा वेगळा, असं तोवर सगळे धरून चालले होते. दोन्ही नावं वेगळी, खण वेगळे. आणि तू, सातवीपर्यंत शिकलेली बाई, वाळूवर मांडून सांगत होतीस की हा एकच जीव आहे. लहानपणी वेटाळला, मग सरळ चालत गेला आणि शेवटी वळून आपल्या लहानपणाकडे तोंड करून राहिला. देवाचं काम समजून घ्यायला देवानेच डोळा द्यावा लागतो, आणि तो त्याने तुला दिला होता.

फक्त आठ आणि नऊ यांच्यामध्ये नखभर फट होती. जिथे दांडी वळायला लागते नेमकं तिथेच. उतारावर तुला बारावा एक तुकडाही मिळाला होता, तोही नखाएवढाच, पण तो कुठे बसेना. तळहातावर घेऊन तू मला विचारलंस, ‘तुला काय वाटतं?’ मी भिंग लावलं, मोठा जाणकार असल्यासारखा. म्हटलं, ताई, याच्या चुण्यांचा कल उलटा आहे, आणि एक चुणी तर अर्ध्यातच विरलीय. हा दुसऱ्याच कुणाचा. तू म्हणालीस, ‘असेल. पण फेकवत नाही.’ आणि तो बटणांच्या डब्यात टाकलास. बाकीचे अकरा गुरुवारी माझ्या हवाली केलेस, सोमवारी साहेब बघणार होते. निघताना दारात दोनदा म्हणालीस, ‘मधली फट तशीच ठेव हं. मधला तुकडा मिळायचाय म्हणून सांगू.’

ताई, त्या शनिवारी काय झालं ते तुला माहीत आहे. पण मी ते माझ्या तोंडाने कधी बोललो नाही, म्हणून आज लिहितो. तुझे अकरा तुकडे मी मांडले आणि मला ते फार सुंदर दिसले. इतके सुंदर, की ती फट मला सहन होईना. साहेबांना पुरी वस्तू आवडे. तुटक काही पुढे ठेवलं की ते चष्मा काढून टेबलावर ठेवत, म्हणजे बोलणं संपलं. मला वाटलं, माझी बहीण परवा या माणसापुढे उभी राहणार, तिचा दगड अर्धामुर्धा कशाला दिसावा? त्याच पिवळ्या पट्ट्याची माती चाळली, दगड जोडायच्या रासायनिक गोंदात कालवली आणि फट भरली. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण हात चांगला चालत होता आणि हाताचं कौतुक वाटत होतं. वाळायच्या आत सुईने तीन चुण्या कोरल्या. एकसारख्या, दोन्ही बाजूंना जुळणाऱ्या, तिन्ही एका कलाच्या. देवाने ठेवलेल्या जागेत मी माझी कारागिरी घुसवली आणि वर खूश होऊन घरी गेलो.

सोमवारी तू इस्त्रीचे कपडे घालून, मापांची वही छातीशी धरून आलीस. साहेबांनी बराच वेळ पाहिलं. नंतर नेमकी तिथेच सुई टेकवली आणि सुई आत गेली. खोलीत आपण पाचजण होतो. साहेबांनी विचारलं, ‘हे कुणी भरलं?’ माझी नोकरी तेव्हा हंगामी होती, कायम करायचा कागद साहेबांच्याच टेबलावर होता, आणि बाबा अंथरुणाला खिळलेले. बाबांचं पांघरूण मी इतकी वर्षं या गोष्टीवर घातलं. आता काढतो. मी भ्यालो होतो, एवढंच. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस. माझी मान खाली होती, पण पाहिलंस ते मला कळलं. आणि तू म्हणालीस, ‘मीच भरलं. पुरं दिसावं म्हणून.’ गिऱ्हाइकाला बाही दोन बोटं आखूड झाली असं सांगावं, त्या आवाजात. साहेब म्हणाले, ‘बाई, शंख शिवता येत नाही.’ बाकीचे दोघे हसले. मी हसलो नाही, पण त्यात मोठेपणा काही नाही. साहेबांचंही फार चुकलं असं मी म्हणणार नाही. बाजारात वेगवेगळ्या प्राण्यांचे तुकडे चिकटवून विकणारे असतातच. एक टाका खोटा निघाला की सगळी शिवण उसवून बघावी लागते, हे तूच म्हणायचीस. एक सांधा खोटा, मग बाकीचे नऊ कशावरून खरे? चिठ्ठी लागली, खण बंद झाला.

फाटकापाशी मी काहीतरी पुटपुटलो. तू त्या अकरा रिकाम्या पिशव्यांची घडी करत होतीस. म्हणालीस, ‘कायम झालास की कळव. आणि मान वर करून चाल, ठेचकाळशील.’ तीन आठवड्यांनी मी कायम झालो. तुला कळवलं तेव्हा तू भाऊजींना हाक मारून सांगितलंस, आमच्या गोगल्याचं झालं बरं का! तेवढा आनंद माझ्या स्वतःच्या घरात झाला नाही. पण त्यानंतर तू खाणीवर गेली नाहीस. विचारलं की म्हणायचीस, सध्या गणवेशांचे दिवस आहेत. ताई, बावीस वर्षं बारा महिने गणवेशांचेच दिवस होते. तू मला लहानपणी गोगल्या म्हणायचीस तेव्हा आई त्या म्हणीचा पुढचा अर्धा भाग कधी म्हणू द्यायची नाही, पोराला लागेल म्हणून. गोगलगाय आणि पोटात पाय. तो अर्धा भाग मी स्वतः कमावला.

आता नवी गोष्ट. गेल्या वर्षी नदीला पाणी आलं तेव्हा बंद पडलेल्या खाणीची एक अख्खी भिंत कोसळली. आमची माणसं जाऊन उशीएवढी एक फरशी घेऊन आली. वरून फक्त टिकलीएवढं वेटोळं दिसत होतं, बाकी सगळं दगडात. डॉक्टरबाईंनी ती माझ्याकडे दिली आणि म्हणाल्या, घाई नाही. मी फरशीची कड पाहिली आणि पिवळा पट्टा ओळखला. सात महिने झाले. रोज सकाळी हात जोडायचे आणि दाण्यादाण्याने दगड उचलायचा. वेटोळं मोकळं झालं, चुण्या इंचाला नऊ. दांडी निघाली, इंचाला सहा. पुढे काय आहे ते मला माहीत होतं, म्हणजे तुला माहीत होतं. गेल्या महिन्यात एका मंगळवारी, अकराच्या सुमाराला, दांडी वळायला लागली. एकाच दगडात, कुठे जोड नाही, कुठे फट नाही. ताई, तू वाळूवर मांडलं होतंस तसाच. बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. मी सुई खाली ठेवली आणि डॉक्टरबाईंना हाक मारली. ज्या प्राण्याला कधी कुणी पाहिलं नाही, त्याचं अंग तू शिवणाच्या टेपने बरोबर ओळखलं होतंस. डॉक्टरबाई आल्या, त्यांनी बघितलं, आणि त्यांच्या हातातला चहा कलंडून माझ्या वहीवर सांडला. त्या नुसतं ‘अरे वा, अरे वा’ म्हणत होत्या. मी मनात म्हटलं, बाई, हे ‘अरे वा’ दुसऱ्या गावी मशीनवर बसलेल्या एका बाईचं आहे.

पण खरी गोष्ट पुढे आहे. वळण जिथे सुरू होतं तिथे मी तीन सारख्या चुण्यांची वाट पाहत होतो, कारण मी तशा कोरल्या होत्या आणि मला त्या पटलेल्या होत्या. तिथे तसं काही नव्हतं. तिथे एक चुणी निघते आणि अर्ध्यातच विरते. मग थोडी गुळगुळीत जागा. मग दोन चुण्या, आणि त्यांचा कल उलटा. मी भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं. असं मी आधी एकदाच पाहिलं होतं, आणि तेही दगडात नाही, तुझ्या तळहातावर. ज्याला मी दुसऱ्याच कुणाचा म्हणालो तो तुकडा ताई, आठ आणि नऊच्या मधला होता. तो जीव वळताना असाच वळतो. मी खोटा तुकडा बनवत बसलो होतो तेव्हा खरा तुझ्या बटणांच्या डब्यात होता.

त्याच दुपारी मी खालचा खण उघडला, तुझा दगड डॉक्टरबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि सगळं सांगितलं. कोण काय म्हणालं, कोण गप्प बसलं, सगळं. त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, लिहून द्या. मी लिहून दिलं, सही केली, ते माझ्या फाइलला लागलं. यंदा मिळायची बढती आता मिळणार नाही. घरी सांगितलं तर तुझी भावजय म्हणाली, ‘बरं झालं. आता वन्संच्या घरी तरी मान वर करून जेवाल. इतकी वर्षं तिथे तुमचं लक्ष नुसतं ताटात.’ म्हणजे तिला केव्हाचं काहीतरी दिसत होतं. बायकांपासून काही लपतं हा आपला पुरुषांचा भ्रम. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंच्या देखत मी ती भर काढली. नखांचं पॉलिश पुसतात तसल्या वासाचं औषध कापसाने लावत गेलो. पंधरा मिनिटांत माझ्या तिन्ही चुण्या विरघळून गेल्या. शेवटची जाताना डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘इतकं देखणं खोटं काम मी पाहिलं नव्हतं हो.’ चपराक होती की शाबासकी, मला अजून कळलेलं नाही. दोन्ही घेतल्या.

आता फट पुन्हा तशीच आहे, तू सांगितली होतीस तशी. नव्या फरशीने एवढं सिद्ध झालं की असा प्राणी होता. पण तुझे अकरा तुकडे एकाच अंगाचे आहेत हे त्या फरशीने सिद्ध होत नाही, असं अठ्ठावीसला बसणाऱ्या समितीचं म्हणणं पडणार, आणि डॉक्टरबाई म्हणतात, ते म्हणणं न्यायाचंच आहे. ते सांगू शकेल असा एकच तुकडा जगात आहे. तो आठला आणि नऊला दोन्हीकडून कडेला कड लावून बसला, तर चिठ्ठी जाईल, आणि कसा प्राणी होता हे पहिल्यांदा कुणी ओळखलं त्या रकान्यात तुझं नाव लागेल, फरशीच्या बावीस वर्षं आधीच्या तारखेने. तुझी मापांची वहीही त्यांना हवी आहे, गिऱ्हाइकांच्या कमरांसकट. म्हणून हे पत्र. अठ्ठावीसच्या आत बटणांचा डबा घेऊन ये. तू आयुष्यात एक बटण फेकलेलं नाहीस, तेव्हा तो तुकडा असेल, असा माझा भरवसा आहे. रोज सकाळी तेवढंच मागतोय. नसला, तरी ये. मग चिठ्ठीवर निदान खाली लिहिलेलं असेल की भर कुणी घातली होती, आणि ते तुझ्यासमोर मी माझ्या हाताने लिहीन. माफ कर असं लिहायला घेतलं होतं, पण तू त्यावर म्हणशील, पुरे आता, जेवलास का? म्हणून त्याऐवजी पाकिटात एक पिशवी घातली आहे. तुझ्या भाचीच्या जुन्या फ्रॉकच्या कापडाची, मी स्वतः शिवलेली, तीन संध्याकाळी लागल्या. लाल दोऱ्याने आकडा काढलाय. आठ आणि नऊच्या मधला म्हणून साडेआठ. तुकडा हिच्यातून आण. टाके सगळे वाकडे आलेत. उसवू नकोस.

तुझाच,
गोगल्या